मूल्यमापन की मूल्यांकन?

सामाजिक धोरणांचा अभ्यास करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे : "'धोरणविश्लेषण' आणि 'धोरणमूल्यांकन' हे शब्द आमच्या टिपणांत एकमेकांच्या जागी येतात. ते समानार्थी आहेत का? आणि मूल्यांकन म्हणावे की मूल्यमापन?"

समानार्थी नाहीत.

'विश्लेषण' श्लिष् धातूवरून आला आहे. श्लिष् म्हणजे चिकटणे, बिलगणे. एकाच शब्दाला दोन अर्थ चिकटले की आपण त्याला श्लेष म्हणतो, आणि चिकटलेले सुटे करणे म्हणजे विश्लेषण. समजा, दुचाकीस्वारांना हेल्मेटसक्ती करायची की नाही, असा प्रश्न आहे. विश्लेषक त्याचे धागे वेगळे करतो : अपघात कशाने होतात, त्यांत डोक्याला मार किती जणांना लागतो, दंड लावला तर काय होईल, नुसती जागृती केली तर काय, रस्ते सुधारले तर काय, आणि प्रत्येक पर्यायाचा भार कोणावर पडेल. पुढे निवड करायची असते, म्हणून हे काम बहुधा निर्णयाआधी होते. मूल्यमापन बहुधा अंमलबजावणी चालू असताना किंवा झाल्यावर होते. 'पूर्वमूल्यमापन' असाही शब्द रूढ असल्याने काळाची ही रेघ पक्की नाही. पक्की खूण एकच : मूल्यमापन करणाऱ्याला 'हे चांगले झाले का?' या प्रश्नाचे उत्तर टाळता येत नाही.

आता दुसरा प्रश्न. अंकन म्हणजे खूण करणे, आकडा घालणे. मापन म्हणजे मोजणे. हिंदीत 'नीति मूल्यांकन' म्हणतात. मराठीत मात्र 'नीती' म्हटले की आधी सदाचार आठवतो. आपल्या 'धोरण'मध्ये दूरवरचे पाहण्याची छटा आहे, 'धोरणी माणूस' म्हणताना जाणवते ती. तसेच 'मूल्यांकन' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जमीन, इमारत, दागिने यांची किंमत ठरवणारा माणूस येतो. म्हणून धोरणासाठी मी 'मूल्यमापन'च वापरतो. मूल्यांकन चूक नाही, पण ते वाचकाला भलत्या वाटेने नेते.

शाळांमुळे 'आकारिक मूल्यमापन' आणि 'संकलित मूल्यमापन' हे शब्द घरोघरी पोचले आहेत. त्यांच्यामागची इंग्रजी जोडी मायकेल स्क्रिव्हन या तत्त्वज्ञाने १९६७ मध्ये मांडली, आणि तेव्हा त्याच्यासमोर मुलांची परीक्षा नव्हती, खुद्द अभ्यासक्रमाची होती. आकाराला येत असलेल्या उपक्रमात सुधारणा व्हावी म्हणून तपासणे हे आकारिक. पूर्ण झालेल्या उपक्रमाची योग्यता ठरवणे हे संकलित. विद्यार्थ्यांच्या चाचण्यांना ही नावे नंतर मिळाली. तेव्हा हे शब्द धोरणासाठी वापरताना संकोच नको, तो त्यांचा मूळ अर्थच आहे.

'परिणाम' या शब्दाशी मी जास्त थांबणार आहे, कारण घोटाळा तिथेच होतो. हेल्मेटसक्तीचा अहवाल दंडाच्या पावत्यांची संख्या देतो. ते झालेले काम. किती स्वार हेल्मेट घालू लागले, ही निष्पत्ती. डोक्याच्या गंभीर दुखापती किती घटल्या, हा परिणाम म्हणता येईल, पण लगेच नाही. त्याच वर्षी रस्ते रुंद झाले असतील, गाड्यांचे ब्रेक सुधारले असतील. घट दिसली म्हणजे ती सक्तीमुळेच झाली असे नाही. विचारायला हवे ते हे : सक्ती नसती, तर दुखापती किती झाल्या असत्या?

या वाक्याचे व्याकरण पाहा. शाळेत 'पाऊस पडता तर पीक आले असते' असे उदाहरण देऊन आपल्याला संकेतार्थ शिकवला होता. परिणामांचे सारे मूल्यमापन या संकेतार्थावर उभे आहे! 'दुखापती घटल्या' हा व्याकरणातला स्वार्थ, म्हणजे घडलेले नुसते सांगणारे रूप. तो नोंदवहीत सापडतो. 'घटल्या नसत्या' हे कुठेच नोंदलेले नसते, ते शोधावे लागते. मेक्सिकोत १९९७ मध्ये 'प्रोग्रेसा' योजना सुरू झाली. मुले शाळेत जातील आणि आरोग्यतपासणी होईल, या अटीवर गरीब कुटुंबांतील मातांना रोख मदत मिळत असे. मूल्यमापनासाठी ५०६ गावे घेतली आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तशी ती वाटली : ३२० गावांत मदत आधी, १८६ गावांत नंतर. नंतरच्या या गावांतून 'मदत नसती तर' हे वाक्य प्रत्यक्ष पाहता आले. इंग्रजीत यासाठी जो जड पारिभाषिक शब्द आहे, त्याला कोणी 'प्रतितथ्य' म्हणतात. मला 'नसते-तर स्थिती' अधिक आवडते. ऐकणाऱ्याला ती लगेच कळते.

'परिणाम' की 'प्रभाव'? प्रभावात तेज आणि वजन यांचा भास आहे, तो माणसाचा किंवा विचाराचा पडतो. योजनेचा परिणाम होतो, आणि दुष्परिणामही होतो. 'दुष्प्रभाव' मराठीत तितका रुळलेला नाही.

राहता राहिला 'मूल्य'. मापनाच्या नादात शब्दाचा हा पहिला अर्धा भाग विसरला जातो, याचे मला मनापासून वाईट वाटते. दुखापती घटल्या हे मापन झाले. पण दंडाचा बोजा रोजंदारीवरच्या माणसाला जड गेला असेल, तर ते न्याय्य की अन्याय्य, हे कोणतीही फूटपट्टी सांगत नाही. विकासकार्याच्या मूल्यमापनासाठी ओईसीडी या मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेच्या विकास साहाय्य समितीने १९९१ मध्ये पाच निकष दिले : समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, परिणाम आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगतता हा सहावा आला. समता आजही स्वतंत्र निकष नाही. ती इतर निकषांत शोधावी लागते. काय मोजायचे हे ठरवतानाच कोणाचे मूल्य धरायचे, हेही ठरून गेलेले असते.

म्हणून टिपणांत जिथे पर्यायांची उकल आहे तिथे 'विश्लेषण' ठेवा, जिथे निवाडा आहे तिथे 'मूल्यमापन' लिहा, आणि त्यातला 'मू' दीर्घ काढा.