मूळ ग्रीकमध्ये खरंच तसं आहे का?

'मूळ ग्रीकमध्ये अर्थ वेगळाच आहे असं ऐकलं, खरं का?' बायबलच्या नव्या कराराच्या मूळ ग्रीक शब्दांविषयी येणारी बहुतेक पत्रं याच वाक्याने सुरू होतात, म्हणून निवडक प्रश्नांची उत्तरं एकत्र देत आहे.

'बाप्तिस्मा' हा शब्द हिब्रू आहे का?

नाही, ग्रीक. 'बाप्तिझो' म्हणजे बुडवणे. पाणी किती हवं, हे मात्र शब्दकोशावरून ठरवू नका. आपल्या पाळकांना विचारा.

रोमकरांस पत्रातलं 'सामर्थ्य' म्हणजे मुळात 'डायनामाइट', असं उपदेशात ऐकलं.

ते पत्र लिहिणाऱ्या पौलाचा शब्द 'द्युनामिस'. नोबेलने डायनामाइटचं पेटंट घेतलं 1867 मध्ये. नाव ग्रीकवरून आलं, म्हणून स्फोटाचा अर्थ मागे पौलापर्यंत जात नाही.

'अगापे' म्हणजे देवाची निःस्वार्थ प्रीती आणि 'फिलिओ' म्हणजे माणसाची साधी माया. मग योहान 21 मध्ये येशू पेत्राला दोनदा एका शब्दाने आणि तिसऱ्यांदा दुसऱ्या शब्दाने का विचारतो?

ही विभागणी इतकी पाठ झाली आहे की कुणी वचनं उघडून पाहतच नाही. कृपया उघडा. 'पिता पुत्रावर प्रीती करतो' हे योहान 3:35 मध्ये 'अगापाओ'ने ('अगापे'चं क्रियापद) येतं आणि 5:20 मध्ये 'फिलिओ'ने. पित्याची प्रीती मधल्या दोन अध्यायांत उणावली का? पौलाचा सहकारी देमास याने जगावर प्रीती केली आणि पौलाला सोडलं (2 तीमथ्य 4:10), तिथेही 'अगापाओ'च. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात, सेप्टुआजिंटमध्ये, तर अम्नोनाने तामारेवर बलात्कार केला त्या प्रसंगी त्याच्या वासनेलाही 'अगापे' म्हटलं आहे (2 शमुवेल 13:15). आणि योहान 21 मध्ये बदलतं ते केवळ प्रीतीचं क्रियापद नाही. कोकरं आणि मेंढरं, चारणं आणि पाळणं, 'जाणणं' यासाठीचे दोन शब्द, सगळंच आलटून पालटून येतं. शब्द बदलत लिहिणं ही योहानाची लकब आहे. इथे अर्थभेद मानणारे अभ्यासकही आहेत, पण ते पूर्ण परिच्छेदावरून वाद घालतात, एकट्या शब्दावरून नाही. देवाची प्रीती केवढी हे वधस्तंभावरून कळतं. ते ओझं एका शब्दावर टाकू नका. उपदेश तयार करत असाल तर आधी ग्रीक शिकवणाऱ्या कुणाला तरी दाखवा.

'मंडळी'साठीचा ग्रीक शब्द 'एक्लेसिया' म्हणजे 'बाहेर बोलावलेले'. मग ख्रिस्ती नसलेल्या नातेवाइकांपासून दूर राहावं का?

'एक' म्हणजे बाहेर आणि 'कालेओ' म्हणजे बोलावणे, ही फोड खरी. पण 'तेल' हा शब्द तिळावरून आला, तरी आपण खोबरेल तेल म्हणतोच ना? प्रेषितांची कृत्ये 19 मध्ये इफिसात अर्तमी देवीच्या नावाने दोन तास ओरडणारा जमावही 'एक्लेसिया'च आहे. शब्दाची फोड करून नाती तोडू नका. घरात खरा ताण असेल तर पाळकांशी बोला, आणि लवकर बोला.

एका महिन्यात ग्रीक, प्रमाणपत्रासह, अशी जाहिरात पाहिली. पैसे भरू का? शिकायचं पाच वर्षांपासून मनात आहे.

महिन्यात अक्षरं आणि थोडं व्याकरण होईल. बायबलमधल्या शब्दाला दिलेला क्रमांक दाबून अर्थांची यादी दाखवणाऱ्या अ‍ॅपलाच ते 'ग्रीक' म्हणत असतील तर भरू नका. उताऱ्यावर उतारा वाचून घेणारा शिक्षक शोधा. चोवीस अक्षरं आजच गिरवायला घ्या, पाच वर्षं पुरे झाली.

आईच्या कबरीवर 'अनास्तासिस' ग्रीक लिपीत कोरायचं आहे. अर्थ बरोबर आहे ना?

बरोबर. उठून उभं राहणं, पुनरुत्थान. लहान लिपीत मात्र शेवटचा सिग्मा मधल्या दोन सिग्मांपेक्षा वेगळ्या आकाराचा असतो, आणि कारागीर तिन्ही सारखेच कोरण्याची शक्यता आहे. दगडाला छिन्नी लागण्याआधी कागद जाणकाराला दाखवा.