आबांचे ताट वेगळे का?

प्रश्न : आम्ही सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात, गावापासून थोडे दूर वस्तीवर राहतो. घरात सासू-सासरे, आम्ही दोघे आणि दोन मुले आहेत. मुलगी साडेचार वर्षांची, मुलगा १४ महिन्यांचा. सासऱ्यांना, म्हणजे आबांना (वय ६३), दिवाळीपासून खोकला होता. धुळीचा असेल म्हणून दोन-तीन महिने काढ्यावर आणि खोकल्याच्या औषधावर गेले. नंतर थुंकीच्या तपासणीत फुप्फुसाचा क्षयरोग निघाला आणि सरकारी दवाखान्यातून गोळ्या सुरू झाल्या, त्याला आता पाच आठवडे झाले. ताप गेला आहे, खोकला बराच उतरला आहे, भाकरी पूर्वीसारखी जाते. मात्र निदान झाले त्याच दिवशी सासूबाईंनी त्यांचे अंथरूण गोठ्याशेजारच्या खोलीत घातले आणि ताट, तांब्या, पेला वेगळा केला. मुलगी आबांच्या कुशीत झोपणारी. ती दाराशी उभी राहून हाका मारते आणि आबा आतून म्हणतात, “जा बाळा, आजी रागावेल.” जाऊबाई म्हणतात, मुलांना घेऊन सहा महिने माहेरी जा. आबांचे वेगळेच : मी बरा झालो, या गोळ्या गरम पडतात, लघवी लाल होते, आता बंद करतो. मुले धडधाकट आहेत, रोज सकाळी आजीच्या हातचे धारोष्ण दूध पितात, तरी भीती वाटते. मुलांना आबांजवळ कधी जाऊ द्यावे?

— एक सून, माण तालुका

उत्तर : ताई, आबांनी या पाच आठवड्यांत एकही दिवस न चुकवता गोळ्या घेतल्या असतील आणि सुरुवातीच्या तपासणीत त्यांचे जंतू नेहमीच्या औषधांना दाद देणारे ठरले असतील, तर मुलीला अंगणात, लिंबाखालच्या बाजेवर त्यांच्याशेजारी बसू द्यायला हरकत नाही. औषध लागू पडू लागले की साधारण दोन आठवड्यांत रुग्णापासून लागण होण्याची शक्यता फार कमी होते. कुशीत झोपणे तेवढे दोन महिन्यांनंतरच्या थुंकीचा अहवाल येईपर्यंत थांबवा. जंतू औषधांना दाद देतात की नाही, हे दवाखान्यातल्या कागदावर लिहिलेले असते. ते आशाताईंकडून वाचून घ्या.

आता ताटाविषयी. क्षयाचे जंतू खोकताना, शिंकताना, बोलताना हवेत जातात आणि श्वासावाटे दुसऱ्याच्या फुप्फुसात शिरतात. ताट, तांब्या, कपडे किंवा हातात हात घेणे यांतून हा रोग पसरत नाही. वेगळ्या ताटाने मुलांचे रक्षण काहीच होत नाही. फक्त घरातल्या कर्त्या माणसाला रोज दोन वेळा आपण परके झाल्याची आठवण होते. गोठ्याशेजारची खोली तर मला अधिकच खटकली. अशा खोलीला बहुधा खिडकी नसते, ऊन येत नाही आणि संध्याकाळी गोठ्यात केलेला धूर तिथेच कोंडतो. रोग्याला ठेवायला याहून वाईट जागा शोधूनही सापडायची नाही. वारा खेळता असला की जंतू विरळ होतात आणि उन्हात मरतात. त्यामुळे आबांची बाज पडवीत, मोकळ्या बाजूला टाका. खोकताना तोंडावर उपरणे धरावे. थुंकण्यासाठी झाकणाचा डबा ठेवावा, त्यात थोडे फिनेल घालावे आणि रोज लांब खड्ड्यात पुरून टाकावे. एवढे पथ्य पुरेसे आहे.

सासूबाईंना दोष देऊ नका. त्यांच्या पिढीने क्षयाचा माणूस पाचगणीच्या किंवा मिरजेच्या सॅनिटोरियममध्ये धाडलेला आणि अनेकदा परत न आलेला पाहिला किंवा ऐकला आहे. रुग्णाला घरापासून तोडावेच लागते का, हा प्रश्न १९५६ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष तपासला गेला. काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवले आणि काहींना त्यांच्या गरीब, दाटीवाटीच्या घरांतच औषधे दिली. घरी राहणारे रुग्ण जवळजवळ तितकेच बरे झाले आणि त्यांच्या घरच्यांना होणारी लागणही जास्त आढळली नाही. आज घरी राहून उपचार घेणे जगभर रूढ झाले आहे, त्यामागे या निष्कर्षाचा मोठा वाटा आहे.

यातच तुमच्या माहेरी जाण्याचेही उत्तर आहे. मुलांना धोका होता तो दिवाळीपासून निदान होईपर्यंतच्या महिन्यांत, जेव्हा आबा औषधाविना खोकत होते आणि मुलगी त्यांच्या कुशीत झोपत होती. लागण व्हायची असेल तर ती तेव्हाच झालेली असू शकते आणि माहेरी नेऊन ती मागे फिरत नाही. तुमच्या पत्रात मुलांच्या तपासणीचा उल्लेख कुठेच नाही, आणि ते काम सर्वांत आधी व्हायला हवे होते. या आठवड्यात दोन्ही मुलांना दवाखान्यात न्या. पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये लागणीचे रूपांतर रोगात लवकर होते आणि तो कधी मेंदूच्या आवरणापर्यंतही जातो. जन्मानंतर दिलेली बीसीजीची लस अशा गंभीर प्रकारांपासून बरेच संरक्षण देते, परंतु संपूर्ण नाही. लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, म्हणून डॉक्टर वजन, ताप, मानेतल्या गाठी पाहतील, गरजेप्रमाणे छातीचा एक्स-रे काढतील. रोग नाही असे ठरले तरी या वयाच्या मुलांना प्रतिबंधक औषध देतात; बहुधा आयसोनियाझिडची गोळी, वजनाच्या मापाने, रोज, सहा महिने. ‘मूल धडधाकट आहे, मग गोळी कशाला’ असे घरात कोणीतरी म्हणेलच. धडधाकट आहे तोवरच तिचा उपयोग असतो. तुम्ही दोघे आणि सासूबाई यांचीही तपासणी त्याच फेरीत उरकून घ्या. पुढे मुलांचा खोकला किंवा ताप दोन आठवड्यांहून अधिक टिकला किंवा वजन वाढेनासे झाले, तर वाट न पाहता पुन्हा दाखवा.

आबांच्या गोळ्या बंद करण्याच्या विचारावर मात्र मी कडक बोलणार आहे. लघवी लाल-नारिंगी होते ती रिफाम्पिसिन या औषधाच्या रंगामुळे, उष्णतेमुळे नव्हे; कधी घाम आणि डोळ्यांतले पाणीही तसेच दिसते. उपचार एकूण सहा महिन्यांचा असतो : पहिले दोन महिने चार औषधे, पुढचे चार महिने तीन. महिनाभरात खोकला-ताप उतरतो, कारण झपाट्याने वाढणारे जंतू आधी मरतात. सुस्त पडलेले थोडे मागे राहतात, आणि पुढचे महिने त्यांच्यासाठीच असतात. मध्येच सोडल्यास रोग उलटतो आणि उरलेले जंतू औषधांना जुमानेनासे होण्याची भीती असते. मग नातवंडांना लागण झालीच, तर ती त्या हट्टी जंतूंची होईल. आबांना हेच वाक्य सांगा. स्वतःसाठी न ऐकणारे आजोबा नातीसाठी ऐकतात, असा माझा अनुभव आहे. डोळे पिवळे होणे, सतत उलट्या होणे, नजर अंधुक होणे किंवा पायांना मुंग्या येणे यांपैकी काही दिसले, तर लगेच डॉक्टरांना कळवावे. आणि त्या लालसर गोळ्यांची पाकिटे बाजेखाली, उशाशी ठेवू नका. तुमचा मुलगा आता रांगत-चालत सगळे तोंडात घालण्याच्या वयात आहे. ती वरच्या फळीवर, झाकणाच्या डब्यातच हवीत.

खाण्याकडे लक्ष द्या, तेही सगळ्यांच्या. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरच्यांना वाढीव धान्य-डाळ देऊन केलेला अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्या घरांमध्ये नव्याने क्षय होण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. उपचार सुरू असेपर्यंत रुग्णाच्या बँक खात्यात निक्षय पोषण योजनेतून दरमहा पैसे जमा होतात. ही रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १,००० रुपये झाली आहे. आबांचे खाते जोडले आहे का, विचारून घ्या. ते माळकरी असतील आणि अंडे चालत नसेल, तर हुलगा, मटकी, डाळ, शेंगदाणे, दूध आहेच. माणदेशी घरात त्याची वाण नसते.

हे सगळे सुनेने सांगितले तर सासूबाईंना ते शिकवल्यासारखे वाटेल, हे मी जाणतो. म्हणून आशाताई येतील त्या दिवशी त्यांनाच पडवीत बसवून, चहा देऊन, सासूबाईंसमोर आणि आबांसमोर एकदम सांगायला लावा. जाऊबाई त्या वेळी घरात असतील तर उत्तमच.

राहिले धारोष्ण दूध. बाधित गाई-म्हशींच्या कच्च्या दुधातून क्षयाचे जंतू माणसात येऊ शकतात, इतरही आजार येतात. ज्या घरात आजोबांचा पेला वेगळा ठेवला आहे, त्याच घरात नातवंडांना कासेखालचे दूध तसेच पाजले जात आहे. उद्या सकाळपासून चरवी आधी चुलीकडे जाऊ द्या, आणि दूध चांगले वर येऊन उकळल्यावरच मुलांच्या पेल्यात पडू द्या.