साशिको शिकून घरचे फाटके कपडे सांधता येतील का? आधी नक्षी शिकू की टाका?

नक्की येतील. आणि आधी टाका. मी तीन वर्षं घरातल्या जीन्स आणि कुर्ते असेच सांधते आहे.

साशिको हे जपानी हातशिवण म्हणजे मुळात धावदोरा. गोधडी शिवलेला हात असेल तर अर्धं काम झालंय. वेगळी आहे ती सुई चालवायची रीत. लांब सुई जवळजवळ जागच्या जागी धरायची, मागचं टोक तळव्यातल्या अंगुस्तानाला टेकवायचं आणि कापडच चुण्या पाडत तिच्यावर चढवायचं. पाच-सहा टाके भरले की दोरा ओढायचा.

आता खरी गोष्ट. दोरा ओढला की कापड आखडतं. त्यावरून अंगठा आणि तर्जनी दाबून फिरवायची, कापड पार सपाट होईपर्यंत. जपानीत याला इतोकोकी म्हणतात. सुरुवातीला मी हे करत नव्हते. मुलाच्या जीन्सच्या गुडघ्यावरचं ठिगळ पहिल्याच धुण्यात चुरगळून गोळा झालं, सगळं उसवावं लागलं. ओळ वळते तिथेही उलट्या बाजूला दोरा जरा सैल सोडा.

टाका तांदळाच्या दाण्याएवढा, वरचा खालच्यापेक्षा किंचित लांब. जुन्या चादरीच्या तुकड्यावर आठवडाभर नुसत्या सरळ ओळी घाला. शिलाई मशीनचा दोरा नको, बारीक पडतो. सैल पिळाचा जाडसर सुती दोरा घ्या.

ठिगळ आतून लावा, भोकापेक्षा चहूबाजूंनी इंचभर मोठं, आणि टाके धड कापडापर्यंत न्या. विरलेल्या कापडाला बळ देणं हेच तर या कामाचं मूळ. उत्तर जपानच्या थंडीत कापूस पिकत नाही. एडो काळात (1603–1868) तिथल्या त्सुगारू भागातल्या शेतकऱ्यांना सुती कपडे घालायला बंदी होती. तिथल्या बायका भांगेच्या धाग्याच्या विरविरीत कापडाची छिद्रं सुती दोऱ्याने भरून काढत, म्हणजे वारा आत शिरत नसे. त्यातूनच कोगिन नावाची भरगच्च नक्षी आली. हे वाचल्यापासून मला दाट टाके घालायचा कंटाळा येत नाही.

नक्षीत असानोहा, म्हणजे भांगेचं पान, फार देखणं. पण त्याच्या मध्यबिंदूवर सगळ्या रेघा येतात. तिथे टाके एकमेकांवर चढू देऊ नका, मधे इवलीशी जागा मोकळी सोडा. ताणल्या जाणाऱ्या टी-शर्टाला मात्र इतक्यात हात लावू नका.