भाड्याच्या फ्लॅटमधून पाणी गळून खालच्यांचं नुकसान झालं, तर भरपाई कोणी द्यायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. कोथरूडला तिसऱ्या मजल्यावर तुम्ही लिव्ह अँड लायसन्सवर राहता. दोघंही ऑफिसला असताना वॉशिंग मशीनचा पाइप नळापासून सुटला आणि काही तास पाणी वाहत राहिलं. खालच्यांचं फॉल्स सीलिंग कोसळलं, टीव्ही गेला. ते १ लाख ८० हजार मागताहेत. घरमालक म्हणतात, डिपॉझिटमधून कापतो. सेक्रेटरी म्हणतात, इमारतीचा विमा आहे, पण तो यासाठी नाही. मग पैसे कोणी द्यायचे, आणि तुम्ही विमा काढायला हवा होता का?

मी ठाण्यातल्या एका सोसायटीत नऊ वर्षं खजिनदार होतो. शिवाय तुमच्या जागी मी स्वतः उभा राहिलोय, म्हणून आधी ते सांगतो.

गणपतीला आम्ही गावी गेलो होतो. दुसऱ्या दिवशी वॉचमनचा फोन आला की खालच्या काकांच्या बेडरूममध्ये पंख्याच्या हुकातून पाणी पडतंय. आमच्या गीझरच्या कनेक्शन पाइपचा नट तडकला होता. शेजाऱ्यांकडे किल्ली होती म्हणून निदान कॉक बंद झाला. आम्ही परत आलो तेव्हा काकूंनी पलंगावर परात, दोन टोप आणि नातवाचा टब मांडून ठेवला होता. माळ्यावरची पेटी भिजली होती. त्यात मुलीच्या लग्नातला शालू होता, त्याचा लाल रंग अस्तरभर पसरला होता. काकू मला एक शब्दही बोलल्या नाहीत, शालू उलगडून दोरीवर टाकत राहिल्या. तो शालू आजही माझ्या डोळ्यांसमोर आहे.

मला वाटत होतं, आपला विमा आहे. गृहकर्ज घेताना बँकेने हप्त्यात धरून एक पॉलिसी दिली होती. कागद काढून पाहिला तर तो माझा आयुर्विमा निघाला: मी गेलो तर कर्ज फिटेल, एवढाच त्याचा अर्थ. घराचा विमा नव्हताच. हा गैरसमज मी नंतर किमान दहा सभासदांच्या घरी पाहिला, म्हणून कर्ज असलेल्या प्रत्येकाने ती फाइल एकदा उघडून पाहावी.

काकांच्या मुलाने मात्र घराची पॉलिसी घेतली होती. विमा कंपनीचा सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) आला, त्याने भिंतीचा पोपडा नखाने उकरून पाहिला, फोटो मागितले, फुटलेला पाइप मागितला. पाइप प्लंबरने भंगारात टाकला होता. भिजलेली गादी तर आदल्या दिवशीच घंटागाडीत गेली होती आणि तिचा एकही फोटो नव्हता. गादी दाव्यातून गेली. बाकी बरंच त्यांना मिळालं, जे नाही मिळालं ते मी दिलं.

आता तुमचं. महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींमध्ये (सोसायटी चालवण्याच्या नमुना नियमांत) गळतीची वाटणी अशी आहे: गच्चीची, पावसाची, बाहेरच्या सामाईक पाण्याच्या आणि ड्रेनेजच्या लाइनची गळती सोसायटीने दुरुस्त करायची, आणि संडास-बाथरूम, सिंक अशी घरातली गळती त्या फ्लॅटधारकाने. म्हणजे पहिला प्रश्न ‘मालक की भाडेकरू’ हा नसून ‘पाणी कुठून आलं’ हा आहे. तुमच्याकडे ते नळ आणि मशीन यांच्या मधून आलं. तेव्हा सोसायटी यातून बाहेर, सेक्रेटरी तेवढ्यापुरते बरोबर आहेत. पण सोसायटीच्या दप्तरी सभासद म्हणून नाव मालकाचं आहे. त्यामुळे पत्र मालकाला जाईल आणि उत्तर देणंही त्यांना टळणार नाही.

मालक आणि तुम्ही यांच्यात काय, ते हलगर्जी कोणाची यावर ठरतं. मशीन तुमचं, पाइप तुम्ही बसवलेला आणि नळ चालू ठेवून तुम्ही बाहेर पडलात, तर जबाबदारी मुख्यतः तुमची, हे मी गोड करून सांगणार नाही. मशीन मालकाचं असेल, फर्निश्ड घराबरोबर आलेलं, आणि ‘पाइप ठिबकतोय’ असा मेसेज तुम्ही त्यांना आधी केला असेल, तर पारडं फिरतं. नळाचा आटाच झिजलेला असेल तरी तो मालकाच्या फिटिंगचा भाग आहे. लिव्ह अँड लायसन्सला भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ लागू होतो. त्याचं कलम ५७ म्हणतं की परवानगी देणाऱ्याला, म्हणजे मालकाला, जागेतला धोकादायक दोष माहीत असेल आणि घेणाऱ्याला, म्हणजे तुम्हाला, नसेल, तर तो त्याने सांगायलाच हवा. हे कलम फार कमी भाडेकरूंना ठाऊक असतं. म्हणून आज रात्री बसून मालकाशी झालेल्या जुन्या चॅट वाचा. ‘नळ’, ‘लीक’, ‘प्लंबर’ असे शब्द शोधा.

डिपॉझिटबद्दल तुमचा करारनामा काढा. बहुतेक करारांत ‘जागेचे नुकसान झाल्यास रक्कम वजा करून’ असं वाक्य असतं. ती जागा म्हणजे मालकाचा फ्लॅट, खालच्यांचं फॉल्स सीलिंग नव्हे. शेजाऱ्यांच्या नुकसानीचा स्पष्ट उल्लेख नसेल, तर परस्पर कापायला तुम्ही लेखी हरकत घ्या. करार नोंदणीकृत नसेल, तर तीही गोष्ट लक्षात ठेवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे, तुमची नाही.

१ लाख ८० हजार हा आकडा आहे तसा मान्य करू नका. भरपाई प्रत्यक्ष नुकसानीची असते. चार वर्षं वापरलेल्या टीव्हीच्या जागी आजच्या नव्या टीव्हीची किंमत मागता येत नाही. दुरुस्त होणारा असेल तर दुरुस्तीचं बिल. सीलिंगचं कोटेशन त्यांना दोन वेगवेगळ्या पीओपीवाल्यांकडून घ्यायला सांगा आणि एक तुम्ही स्वतः आणा. अख्ख्या हॉलला रंग लावायचा की डाग पडलेल्या भागाला, यावर वाद होईल. तिथे थोडं सोडा, कारण अर्ध्या भिंतीला रंग लावून कोणाचं समाधान होत नाही आणि त्यांना त्या घरात रोज बसायचंय.

त्याआधी त्यांना एक विचारा: त्यांच्या घराचा विमा आहे का? असेल तर त्यांनी लगेच कंपनीला कळवायला हवं. कंपनीने त्यांना पैसे दिले, की तेवढ्यापुरता तुमच्याकडून वसुलीचा हक्क कंपनीकडे जातो. एकाच नुकसानीचे पैसे तुमच्याकडून आणि कंपनीकडून, असे दोनदा घेता येत नाहीत. आणि कंपनीला न विचारता त्यांनी तुम्हाला ‘आमची काही तक्रार नाही’ असं लिहून दिलं, तर त्यांचाच दावा अडकू शकतो. त्यामुळे तसं लिहून मागण्याची घाई तुम्हीही करू नका. विमा नसेल तर ठरलेली रक्कम खात्यात भरा आणि ‘पूर्ण व अंतिम’ असा शब्द असलेला कागद सहीनिशी घ्या.

सेक्रेटरींच्या विम्याबद्दल. उपविधींप्रमाणे सोसायटीने इमारतीचा आग आणि भूकंप यांच्यासाठी विमा काढायलाच हवा, आणि मेंटेनन्सच्या बिलात त्याचा वाटा फ्लॅटच्या क्षेत्रफळाप्रमाणे येतो. पण तो इमारतीच्या बांधकामाचा. तुमचा फ्रिज, खालच्यांचा टीव्ही, काकूंचा शालू त्यात कुठेच नाही. पुण्यात तर पुष्कळ इमारती सोसायटी नसून १९७० च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली आहेत. तिथे विम्याचं काय, ते डीड ऑफ डिक्लरेशन (इमारत त्या कायद्याखाली आणणारा नोंदणीकृत दस्त) आणि त्यांच्या उपविधींवर अवलंबून असतं. तुमची इमारत कुठल्या प्रकारची आहे, हे मालकाला विचारा.

आता पुढचं. १ एप्रिल २०२१ पासून आयआरडीएआयने (विमा क्षेत्राच्या सरकारी नियामकाने) सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यायला लावली आहे. आग, पूर, भूकंप, वादळ, दंगल यांच्याबरोबर पाण्याच्या टाक्या आणि पाइप फुटणं किंवा भरून वाहणं हेही तिच्यात आहे. महिनोन्‌महिने झिरपणारी ओल मात्र नाही. दावा नाकारला जातो तो बऱ्याचदा इथेच, म्हणून ‘लीकेज’ एवढाच शब्द न लिहिता काय फुटलं आणि कधी फुटलं, ते लिहायचं. मालकाने फ्लॅटचा विमा बाजारभावाने नाही, बांधकाम खर्चाने काढायचा असतो. समजा कार्पेट ६२० चौरस फूट आणि बांधकाम खर्च २,५०० रुपये फूट, तर विमा १५ लाख ५० हजारांचा. सामानासाठी त्याच्या २० टक्के, म्हणजे इथे ३ लाख १० हजार, आपोआप धरले जातात, कमाल मर्यादा १० लाख. घर राहण्याजोगं उरलं नाही तर पर्यायी जागेचं भाडं किंवा बुडालेलं भाडंही यात येतं. दागिन्यांसारख्या मौल्यवान वस्तूंचं संरक्षण वेगळं मागून घ्यावं लागतं.

भाडेकरू म्हणून तुम्ही यात फक्त सामानाचा विमा काढू शकता. मालकाच्या पॉलिसीत तुमचं सामान येत नाही, हे बहुतेकांना पाणी शिरल्यावर कळतं.

पण तुमच्या प्रश्नातलं खरं दुखणं सामान नाही, तर दुसऱ्याचं नुकसान आहे. भारत गृह रक्षाच्या मूळ पॉलिसीत ते नाही. त्यासाठी काही कंपन्यांच्या घरगुती पॅकेज पॉलिसीत ‘सार्वजनिक दायित्व’ किंवा ‘भाडेकरूचे दायित्व’ असं जोडसंरक्षण मिळतं. एजंटला याच शब्दांत विचारा आणि मर्यादा किती लाखांची, ते कागदावर दाखवायला लावा. गॅलरीच्या कठड्यावरची कुंडी खाली कोणाच्या डोक्यात पडली, तर तो प्रसंगही याच कलमात येतो, आणि त्याची भरपाई टीव्हीएवढ्यावर थांबत नाही. नवी पॉलिसी झालेल्या घटनेला लागू होणार नाही, तेव्हा या वेळचं तुम्हाला हातानेच मिटवावं लागेल.

पाइप फेकला नसेल तर पिशवीत घालून वर तारीख लिहून ठेवा. प्लंबरकडून कारण लेखी घ्या, दोन ओळी पुरे. संध्याकाळी खाली जाऊन या, मालकाला बरोबर घेऊनच. आणि करारातलं डिपॉझिटचं कलम नावं झाकून इथे टाकलंत, तर मी वाचून सांगेन.