आईचे गुडघे रोज दुखतात, सतत पेनकिलर न घेता काय करता येईल?

पहिलं म्हणजे डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मनाने रोज घेऊ देऊ नका, किडनी, पोट आणि बीपी तिन्हीला त्रास होतो. वयामुळे झिजलेल्या गुडघ्याला खरा आधार मांडीच्या स्नायूंचा असतो आणि दुखतं म्हणून हालचाल बंद केली की तेच स्नायू अजून कमजोर होतात, मग दुखणं वाढतं.

आईला पलंगावर पाय सरळ करून बसवा, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि गुडघ्याने ती खाली दाबायला सांगा, ५ सेकंद धरून सोडायचं, असं १० वेळा, सकाळ संध्याकाळ. काही आठवडे तरी नेमाने करायला हवं. वजन जास्त असेल तर १ किलो कमी झालं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण ४ किलोने हलका होतो. उकिडवं बसणं टाळा, कमोड वापरा, सपाट रस्त्यावर चालू द्या. कोमट तेलाने मालिश आणि शेक जरूर करा, बरं वाटतं, पण झीज त्याने भरून येत नाही. झोपेकडेही बघा, रात्र नीट गेली नाही की दुखणं जास्त जाणवतं.

गुडघा लाल, गरम होऊन सुजला, ताप आला किंवा पाय टेकवेनासा झाला तर मात्र घरगुती उपाय नकोत, लगेच डॉक्टरकडे न्या.