तापमान वाढलं की ढग वाढतील आणि पृथ्वी आपोआप थंड होईल, असं का होत नाही?

मे महिन्यात आमच्या सोलापुरात उन्हाचा कडाका असताना सूर्यासमोर एखादा ढग आला तरी जिवात जीव येतो. त्यामुळे ‘गरमी वाढली की वाफ वाढेल, वाफ वाढली की ढग, मग सावली’ हा तुमचा तर्क ऐकताक्षणी पटतो. पण त्याच मे महिन्यात रात्री आभाळ भरून आलं आणि वळीव काही पडला नाही, तर गच्चीवरही झोप लागत नाही. निरभ्र रात्री पहाटेपर्यंत फरशी निवते, ढगाळ रात्री कोमटच राहते. जमिनीतून निघालेली उष्णता ढग शोषतात आणि त्यातली बरीच खाली परत पाठवतात.

जगभरातला आजचा जमाखर्च मांडला तर ढगांचा थंडावा भारी पडतो, दर चौरस मीटरला साधारण २० वॅट. इथवर तुमचं बरोबर आहे. पण खरा प्रश्न पुढचा: पृथ्वी तापल्यावर हा थंडावा वाढतो की घटतो? एकूणात घटतो.

मुळात बाष्प वाढलं म्हणजे ढग वाढले, असं नाही. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, म्हणजे ढग धरायला बाष्पही तेवढंच जास्त लागतं.

निकाल लागतो तो आपल्या डोक्यावर नाही, तर पेरू आणि कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यांजवळच्या गार समुद्रांवर. तिथे हजारो किलोमीटर पसरलेले, जेमतेम किलोमीटर-दीड किलोमीटर उंचीचे पांढरे ढग असतात. ऊन परतवण्यात पटाईत, उष्णता अडवण्यात मात्र कच्चे. त्यांचा माथा उष्णता आकाशात सोडून गार होतो, गार हवा खाली बसते, खालची ओलसर हवा वर येते आणि ढग टिकतो. वरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड आणि बाष्प वाढलं की माथ्याचं हे निवणं मंदावतं. शिवाय समुद्र तापल्यावर खालची हवा आणि वरची कोरडी हवा यांच्यातल्या बाष्पाचा फरक वाढतो, त्यामुळे वरून मिसळणारी हवा ढगाला जास्त सुकवते. ढग विरळ होतात आणि खालचा काळाशार समुद्र ऊन पिऊ लागतो.

उंचावरच्या ढगांची तऱ्हा वेगळी. पावसाळी ढगांचे माथे तापमानवाढीबरोबर आणखी वर सरकतात, पण त्यांचं स्वतःचं तापमान जवळपास तेवढंच राहतं. जमीन तापली तरी अवकाशात जाणारी उष्णता त्या प्रमाणात वाढत नाही.

तुमच्या बाजूने बोलणारे ढगही आहेत. अंटार्क्टिकाभोवतीच्या दक्षिण महासागरावरच्या ढगांत तापमानवाढीमुळे बर्फकणांऐवजी पाण्याचे थेंब वाढले की ते जास्त उजळ होतात. मात्र जुन्या संगणकीय प्रारूपांत या ढगांमधला बर्फ प्रमाणाबाहेर धरला होता, त्यामुळे हा दिलासा फुगलेला दिसत होता.

अमेरिकेतल्या हवामानशास्त्रज्ञांच्या गटाने लिहिलेल्या १९७९ च्या चार्नी अहवालाने कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास १.५ ते ४.५ अंश वाढ सांगितली, आणि ती रेंज दशकानुदशके फारशी हलली नाही. ढग हेच त्याचं मोठं कारण. २०२१ च्या आयपीसीसी (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) अहवालात ती २.५ ते ४ अंशांवर आली. खालची बाजू वर सरकली, कारण ढग आपल्याला वाचवतील याला पुरावा मिळाला नाही. उलट ते तापमानवाढीत भरच घालतात, असं दिसून आलं.