शहरातून आणलेला कुत्रा गावच्या घरात मांजर, कोंबड्या आणि बकऱ्यांमध्ये कसा रुळवावा?

प्रश्न असा आहे: भावाची बदली झाल्यामुळे त्याचा तीन वर्षांचा कुत्रा पुण्याहून वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या गावी आणला आहे. घरी एक मांजर, दहा-बारा कोंबड्या आणि दोन बकऱ्या आहेत. मांजर दोन दिवसांपासून घराच्या धाब्यावरून (छतावरून) खाली उतरली नाही आणि कुत्रा साखळीवर दिवसभर भुंकतो. काय करावं?

उत्तर:

ताई, आधी मांजरीचं बघा, बाकीचं थांबू शकतं. तिचं खाणं-पाणी आजच धाब्यावर पोचवा. मांजर दोन-तीन दिवस पोटात काहीच न घेता राहिली तर लिव्हरवर येतं, अंगानं भरलेली असेल तर जास्तच. तिला उचलून खाली मात्र आणू नका. ओरबाडेल ते वेगळंच, पण तिची एकुलती एक सुरक्षित जागाही जाईल.

मी यवतमाळ जिल्ह्यातला, दारव्हा तालुक्यातला. चार वर्षांपूर्वी बहिणीचा शेरू नागपूरच्या फ्लॅटमधून आमच्याकडे आला. लिफ्टमध्ये शहाण्यासारखा उभा राहणारा कुत्रा, पण कोंबडी त्यानं फक्त ताटात पाहिलेली. बाबा म्हणाले, "जनावराले जनावर समजते, सोड त्याले." सोडला. अर्ध्या मिनिटात एक कोंबडी फडफडत पळाली, हा मागे, आणि खेळ संपला. त्याच्या तोंडात ती मेली तेव्हा तो शेपूट हलवत आमच्याकडेच बघत होता. मांजर टिनावर. आणि आत्ता सोड म्हणणारे तेच बाबा, "याले आत्ताच्या आत्ता नागपूरले नेऊन घाल!"

नेटवर सल्ला मिळतो की कुत्रा एका खोलीत, मांजर दुसऱ्या खोलीत, मध्ये बंद दार. आपल्याकडे दार लागतं ते रात्री. ओसरी, आंगण, कोठा सगळं एकच. म्हणून मी ओसरीच्या कोपऱ्यात तुराट्यांचा छातीएवढा तट्टा उभा केला आणि त्यामागे शेरूची जागा केली. वास आरपार जातो, नजर जात नाही. पहिला आठवडा एवढंच हवं असतं. मांजरीला छपराखाली एक फळी ठोकून दिली. तिथून कुत्र्यासमोर न येता ती मागच्या भिंतीवर निघू शकत होती. मांजरीला पळवाट ठेवली नाही तर ती पंजाच मारणार.

त्या आठवड्यात रोज वासाची अदलाबदल केली. मांजर ज्या पोत्यावर झोपायची ते शेरूच्या ताटलीखाली, आणि शेरूच्या अंथरुणाची चिंधी मांजरीच्या वाटीशेजारी. पहिल्या दिवशी ती चिंधीवर फिसकारली. चौथ्या दिवशी त्याच चिंधीवर बसून अंग चाटत होती. तेव्हा तट्टा थोडा सरकवला.

आता साखळीचं. माझ्या मते घोळ तिथंच आहे. खुंट्याला बांधलेल्या कुत्र्यासमोरून मांजर गेली की तो झेप घेतो आणि गळ्याला हिसका बसतो. दिवसातून दहा वेळा असं झालं की मांजर दिसली म्हणजे गळा आवळला, असं त्याच्या डोक्यात बसतं. मग तो मांजरीवरच चिडतो. मी दहा फुटांचं दावं घेतलं, एक टोक शेरूच्या पट्ट्याला आणि दुसरं माझ्या कमरेला. गोठ्यातलं शेण काढताना, पाणी भरताना तो सोबत. माय हसायची, "कुत्रं तुले फिरवते का तू कुत्र्याले?" पण महिनाभर हेच केलं. खिशात भाकरीचे तुकडे आणि फुटाणे. मांजर लांब दिसली, शेरूनं तिच्याकडे पाहिलं आणि मग नजर वळवून माझ्याकडे पाहिलं, की त्याच क्षणी तुकडा तोंडात. उशिरा दिला तर उपयोग नाही, कशाचं मिळालं ते त्याला कळत नाही. नाव घेऊनही तो वळत नसेल तर आपण फार जवळ आलोत. मारू नका, आठ-दहा पावलं मागे या.

शेपूट हलते म्हणजे दोस्ती, हा समज सोडा. अंग ताठ, तोंड बंद, डोळे एका जागी रोवलेले आणि शेपूट वर धरून नुसतं टोक थरथरतंय, तर दावं लगेच आवळा. पुढचे पाय खाली टेकवून मागचा भाग वर केला तर तो खेळायला बोलावतोय. मांजरीला तेही आवडेलच असं नाही.

कोंबड्यांचा विश्वास मी आजही त्याच्यावर टाकत नाही. बसलेल्या कोंबडीकडे तो बघतही नाही, पण पळणारी कोंबडी दिसली की त्याचे पाय आपोआप सुटतात. म्हणून वेळ वाटून दिली. सकाळी कोंबड्या मोकळ्या तेव्हा तो माझ्या कमरेला, आणि तो मोकळा तेव्हा कोंबड्या खुराड्यात, पिल्लं डालग्याखाली. मेलेली कोंबडी कुत्र्याच्या गळ्यात बांधा म्हणजे पुन्हा धरणार नाही, हा उपाय गावात कोणीतरी सुचवतंच, आम्हालाही सुचवला. मे महिन्याच्या उन्हात ती सडते, घर घाण होतं, आणि कुत्रा काही शिकत नाही. शेरूला अक्कल शिकवली ती पिल्लंवाल्या एका कोंबडीनं, नाकावर दोन टोचे मारून.

बकऱ्यांची काळजी तशी कमी, शिंगं आहेत. फक्त बकरी व्यायला झाली की जार पडून पिल्लू उभं राहीपर्यंत कुत्रा तिथं नको. आईही त्या दिवसांत अंगावर येते.

ताटल्या आणि पाणी ठेवायच्या जागा वेगळ्याच ठेवा. शेरूची पहिली गुरगुर ताटलीवरूनच झाली. आपल्याकडे पारा 45 च्या पुढे जातो, तहानलेली दोन जनावरं एका भांड्यावर आणू नका.

एक गोष्ट जिवावरची आहे. गोचिडावर कुत्र्याला लावायच्या काही औषधांत पर्मेथ्रिन असतं आणि गुरांवर मारायच्या काहींत डेल्टामेथ्रिन. दोन्ही मांजरीला विषारी आहेत. औषध लावलेल्या कुत्र्याला ती अंग घासते, मग स्वतःला चाटते, आणि झटके येऊ लागतात. घरात मांजर आहे हे पशुवैद्यकाला सांगूनच औषध घ्या. रेबीजची लस दोघांनाही, आणि दरवर्षी. आणि या भांडणात तुम्हाला कोणी चावलं किंवा नख लागून रक्त आलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. चुना, हळद, तिखट काही भरू नका. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करा आणि पुढचे सगळे डोस पूर्ण करा.

हे सगळं जमत आलं असताना आमच्याकडे एकदा पाणी फिरलं ते गल्लीतल्या पोट्ट्यांमुळे. मांजर भिंतीवर दिसली की ते "छू! छू!" ओरडायचे. दोन आठवड्यांची मेहनत एका संध्याकाळी गेली, शेरू पुन्हा भिंतीवर उड्या मारू लागला. शेवटी त्याच पोट्ट्यांना फुटाणे देऊन कामाला लावलं: शेरू गप बसला की त्याला तुकडा द्यायचा. घरातल्या मोठ्यांनाही हेच सांगा, एक जण मांजरीवर सोडतो आणि दुसरा आवरतो असं चालत नाही.

आमच्या मांजरीला खाली यायला तीन आठवडे लागले, आणि त्याच्या शेजारून अंगावरचे केस न फुलवता जायला दोन महिने. एकत्र झोपत नाहीत, कधी झोपणारही नाहीत.

भावाला फोन करून एवढं विचारा की या कुत्र्यानं पुण्यात कधी मांजर मारली होती का. मारली असेल तर दाव्याचा भाग करूच नका. मध्ये पक्कं कुंपण घाला आणि दोघांना कायम वेगळं ठेवा. त्याला वावरात एकटा बांधून ठेवायचा सल्ला मात्र ऐकू नका. बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता मिळतो.